पहिला फोन नाशिकला नको

वाचकाचं पत्र

मावशी,

आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून अडीच वर्षांपूर्वी जर्मनीत श्टुटगार्टला आलो. तो ३९ वर्षांचा, मी ३४. मुलगी पाच वर्षांची आहे. त्याचं जर्मन चांगलं आहे, पुण्यात असतानाच तो बी-टूपर्यंत शिकला होता. माझं ए-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, पुढे सरकलं नाही. दुकानात आणि बालवाडीत भागतं, तेवढंच.

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी रात्री दहाच्या सुमाराला जेवणं आटोपून तो ताटं उचलत होता. हातातली वाटी खाली पडली. मी म्हटलं, लक्ष कुठंय? तो काहीतरी बोलला, पण शब्दच कळेनात. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसत होतं आणि उजवा हात लोंबत होता. घरात जर्मन येणारा तो एकटा आणि त्याचीच वाचा गेलेली. मला काही सुचेना. मी नाशिकला मोठ्या दिरांना फोन लावला. तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले. सहा-सात वेळा लावल्यावर त्यांनी उचलला. म्हणाले, आधी अ‍ॅस्पिरिन दे, मी ओळखीच्या डॉक्टरांना विचारून सांगतो. गोळी शोधली, ती सापडलीच नाही. मग परत फोनची वाट बघत बसले. शेवटी मुलीला कडेवर घेतलं आणि खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींचं दार वाजवलं. त्यांनी ११२ला फोन केला. दहाएक मिनिटांत दोन गाड्या आल्या. पण तोवर तासाहून जास्त वेळ गेला होता.

मेंदूत गुठळी झाली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आता तो रेहामधून, म्हणजे पुनर्वसन केंद्रातून, घरी आलाय. चालतो, पण उजव्या हाताची पकड अजून आली नाही आणि बोलताना शब्द अडतात. डॉक्टर म्हणतात, सुधारेल. माझंच काही खरं नाही. रात्री भांडं वाजलं तरी दचकून उठते. सासूबाई म्हणतात, "आपल्या गावात असता तर दहा माणसं धावली असती, परत या." तो एक तास मी घालवला असं त्या बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना वाटतं. मलाही वाटतं. मे महिन्यात माझे आई-बाबा यायचेत. बाबांना मधुमेह आणि बीपी आहे. त्यांना येऊ द्यावं का? आम्ही इथे राहावं का? आणि पुन्हा असं काही झालं तर मी काय करायचं?

— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर

लेकी,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचताना मी त्या वाटीपाशीच थांबले. पुढचं वाचायला थोडा वेळ गेला. परक्या देशात स्वयंपाकघराच्या फरशीवर नवरा बसलेला, पाच वर्षांची पोर बघत उभी, आणि तोंडात एक शब्द येत नाही. ही भीती मला माहीत आहे. माझी गोष्ट पुढे सांगते, आधी त्या तासाबद्दल बोलू, कारण बाकीचं सगळं पत्र त्या तासावर उभं आहे.

त्या तासाने काही फरक पडला नाही, असं मी तुला सांगणार नाही. तू ते मानणार नाहीस आणि ते खरंही नाही. मेंदूतल्या गुठळीच्या बाबतीत औषध जितकं लवकर तितकं बरं. पण खरं तेवढंच नाही. गुठळी विरघळवायचं ते इंजेक्शन साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुझ्या नवऱ्याला ते मिळालं. मिळालं, कारण तू त्या वेळेच्या आत दार वाजवलंस आणि त्रास कधी सुरू झाला ते तुला ठाऊक होतं. "ठणठणीत असं शेवटचं कधी पाहिलं?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मिळालं नाही तर इंजेक्शन द्यावं की नाही हे ठरवणंच अवघड होऊन बसतं. वाटी पडली तेव्हा तू तिथे होतीस. तेही हिशेबात धर.

आणि गोळी सापडली नाही, हे फार बरं झालं. दिरांवर रागावू नकोस. झोपेतून उठलेल्या माणसाने मायेपोटी, जे आठवलं ते सांगितलं. छातीत कळ आली की अ‍ॅस्पिरिन, हे आपल्याकडे घरोघरी ऐकून माहीत असतं. पण पॅरालिसिसचा झटका दोन तऱ्हांनी येतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून बघून कुठला प्रकार ते मोठ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही, स्कॅन करावाच लागतो. रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिनने तो वाढू शकतो. शिवाय अशा वेळी गिळण्याची ताकदही गेलेली असू शकते, गोळी किंवा पाण्याचा घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. तेव्हा तोंड वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं लटपटतंय, या तिन्हींतलं एक जरी अचानक दिसलं तरी तोंडातून काहीही द्यायचं नाही आणि घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवायची. दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरीसुद्धा फोन करायचा. असा येऊन गेलेला छोटा झटका हा पुष्कळदा मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

आता माझी गोष्ट. मी पुण्यात सहा वर्षं जर्मन शिकवत होते. लग्नानंतर इथे आले तेव्हा भाषेची मला काळजी नव्हती, उलट थोडा तोराच होता. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री दीड वर्षाच्या मुलीला तापात आकडी आली. डोळे पांढरे झाले, ओठ निळे. नवरा दौऱ्यावर. मी ११२ फिरवला, पलीकडून आवाज आला, आणि मी "तिला ताप आलाय हो, तिला ताप आलाय" असं चक्क मराठीत बोलत राहिले. ज्या भाषेत मी वर्गात व्याकरण समजावत होते, तिच्यातला 'मूल' हा शब्दसुद्धा मला आठवला नाही. पलीकडचा माणूस चिडला नाही. तो एकच शब्द हळूहळू म्हणत राहिला, "वो? वो?" म्हणजे, कुठे? तेवढं मला कधीतरी कळलं. मी रस्त्याचं नाव सांगितलं आणि ते आले.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की त्या रात्री तुझं ए-वन कमी पडलं असं तू धरून बसली आहेस. माझं तर सगळंच कमी पडलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात आईची भाषा येते आणि हाताला माहेर-सासरचा नंबर येतो. त्यात तुझं काही चुकलं नाही. पण हे असं होतं हे एकदा कळलं, की त्या वेळी डोक्यावर विसंबायचं नाही हेही कळतं. कागदावर विसंबायचं.

म्हणून आज एक चिठ्ठी कर. जाड कागदावर, मोठ्या अक्षरात, देवनागरीत. फ्रिजवर नको, तिथे बालवाडीच्या कागदांत हरवेल. बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर चिकटव. वर फक्त ११२. हा नंबर युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत एकच आहे, १९९१ साली ठरलेला, आणि फोनला पैसे पडत नाहीत. जर्मनीत तो अग्निशमन आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा, ११० पोलिसांचा. घाबरून ११० फिरवलास तरी घाबरू नकोस, तेही मदत पाठवतील.

त्याखाली पत्ता लिही. तो तुला पाठ आहे, तरी लिही. इथल्या शाळांतून मुलांना फोन करायचे पाच प्रश्न शिकवतात, त्यांत पहिला 'वो', कुठे, हाच आहे. कारण पुढचं काहीच बोलता आलं नाही तरी पत्ता कळला की गाडी निघते. मग काय झालंय, किती जण, कुठला त्रास. आणि पाचवा मुद्दा प्रश्न नाहीच, तो आहे 'वार्टन', थांबा. आपण फोन ठेवायचा नाही, समोरचा सांगेल तेव्हा ठेवायचा. आपल्या लोकांकडून हेच चुकतं. पत्ता सांगितला की आपण फोन ठेवून रोग्याकडे धावतो, आणि तिकडे ते "श्वास चालू आहे का?" हे विचारायच्या बेतात असतात.

पत्त्यातही एक मेख आहे आणि ती आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे "बी विंग, तिसरा मजला, तीनशे दोन" म्हटलं की झालं. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो, खाली बेलवर आडनाव असतं. अ‍ॅम्ब्युलन्सचे लोक रात्री टॉर्च मारून ते आडनाव शोधतात. तुमच्या बेलवर कोणाचं आडनाव आहे? आज खाली जाऊन बघ. अडीच वर्षं राहूनही ज्यांच्या बेलवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच आहे, अशी आपली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. आणि आपली आडनावं लांब. फोनवर जर्मन माणसाला ती एका दमात कळत नाहीत. म्हणून चिठ्ठीवर आडनावाची अक्षरं सुटी सुटी लिहून ठेव आणि मजला लिही.

मग ही वाक्यं. "नोटफाल." म्हणजे आणीबाणी आहे. "माइन मान", माझा नवरा. आई-बाबा आले की "माइन फाटर", "माइने मुटर". "फेअरडाख्ट आउफ श्लागआनफाल", पॅरालिसिसच्या झटक्याचा संशय. छातीत दुखत असेल तर "ब्रुस्टश्मेर्त्सन". श्वास लागत असेल तर "आटेमनोट". शेवटी, "इश श्प्रेखे वेनिग डॉइच, इंग्लिश बिट्टे." फोन उचलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना इंग्रजी येतं, तेव्हा नुसतं "इंग्लिश" म्हणालीस तरी चालेल. ही वाक्यं रोज एकदा मोठ्याने म्हण. मुलीलाही शिकव. पाच वर्षांचं पोर ११२ फिरवून रस्त्याचं नाव सांगू शकतं, आणि तिचं जर्मन आतापर्यंत तुझ्यापुढे गेलं असेल.

चिठ्ठीच्या तळाशी तीन ओळी लिही. एक, ११२. दोन, खालच्या आजी. तीन, नाशिक. याच क्रमाने.

या क्रमावर मी अडून बसणार आहे. तू दिरांना फोन केलास, तो का केलास हे मला कळतं. आपल्या घरांत संकट आलं की मोठ्या माणसाला विचारायचं असतं. नाशिकला ते अगदी बरोबर होतं, कारण दीर नुसतं सांगणार नव्हते, गाडी काढून पाच मिनिटांत दारात येणार होते. इथे त्यांचा फक्त आवाज येतो. तिथे बसून ते काळजीशिवाय काहीच करू शकत नाहीत, आणि त्या काळजीत तुझा वेळ जातो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचंही तेच. "कोणी डॉक्टर आहे का?" असं ग्रुपवर टाकून उत्तराची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. पहिला फोन अशाच ठिकाणी जायला हवा, जिथून माणूस तुझ्या दारात येऊ शकतो. दिरांना तू हे स्वतः सांग, आत्ता, सगळं शांत असताना. त्यांना वाईट वाटू नये म्हणून एक काम सोपव: दोघांच्या जुन्या तपासण्यांचे कागद, घराण्यात कोणाला काय होतं, कोणाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे सगळं त्यांच्याकडे तयार हवं. रुग्णालयात पहिल्या दिवशी तेच विचारतात.

दुसरी आपली सवय म्हणजे गाडीत घालून न्यायची. महाराष्ट्रात १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स २०१४ पासून आहे, तरी आपण अजून रिक्षा नाहीतर शेजाऱ्याची गाडी बघतो. इथे तसं करू नकोस, टॅक्सीसुद्धा नको. झटक्यासाठी खास विभाग, त्याला स्ट्रोक युनिटच म्हणतात, सगळ्या रुग्णालयांत नसतो. तो कुठे आहे हे अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना माहीत असतं. ते निघतानाच कळवतात, त्यामुळे स्कॅनचं यंत्र रोगी पोचायच्या आधीच मोकळं ठेवलेलं असतं. टॅक्सीने गेलात तर आधी खिडकीवर नाव लिहावं लागतं. त्या रात्री दोन गाड्या बघून तू आणखी घाबरली असशील. इथे तशीच पद्धत आहे, एका गाडीत अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं, दुसऱ्या छोट्या गाडीत डॉक्टर.

जिवावरचं नाही पण रात्री-अपरात्री डॉक्टर तर हवा, अशा दुखण्यासाठी ११६११७ हा वेगळा नंबर आहे. मुलीचा कान दुखतोय, बाबांना जुलाब होताहेत, अशा वेळी तो. हाही चिठ्ठीवर लिही, पण बाजूला आणि लहान अक्षरात, म्हणजे घाईत गोंधळ होणार नाही.

आता सासूबाईंचं वाक्य. दहा माणसं धावली असती, हे खरं आहे, ते खोडून काढू नकोस. मुलगा हजारो मैलांवर आजारी पडला आणि त्यांना त्याच्या कपाळावर हात ठेवता आला नाही, त्याचं दुःख त्या वाक्यात आहे. पण परत जायचं की नाही हे या महिन्यात ठरवू नका. तुझ्या नवऱ्याचे उपचार चालू आहेत. हात आणि वाचा परत यायच्या दृष्टीने हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, आणि त्यांत डॉक्टर, थेरपिस्ट, विमा सगळं बदलणं मला पटत नाही. वर्षभराने, तो स्वतः नीट बोलू लागला की, त्याच्यासकट बसून ठरवा. तो निर्णय तुम्हा दोघांचा आहे.

पैशांची धाकधूक तू लिहिली नाहीस, पण ती असणारच. आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मालकाकडून मिळतो. नोव्हेंबरपासून मोजलंस तर ते एव्हाना संपले असतील. त्यानंतर आरोग्य विम्याची क्रांकनकासे पैसे देते, त्याला क्रांकनगेल्ड म्हणतात. ते एकूण पगाराच्या ७० टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या वर नाही, आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे. हे मी सरकारी विम्याचं सांगते आहे, खासगी असेल तर करार बघावा लागेल. यात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळ. आजारपणाच्या दाखल्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नकोस. आधीचा दाखला संपायच्या आत पुढचा घे, नाहीतर पैसे अडकतात. रुग्णालयाचे रोजचे १० युरो वर्षाला २८ दिवसांपर्यंतच भरायचे असतात, त्यांच्या आणि औषधांच्या पावत्या एका पाकिटात ठेव. वर्षभरात घराच्या एकूण उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून जास्त असा खर्च झाला तर वरचा माफ होतो, आणि दीर्घ आजार म्हणून नोंद झाली तर ही मर्यादा १ टक्क्यावर येते. अर्ज मात्र आपण करायचा असतो. व्हिसाचे प्रश्न असतील तर कारितास, डियाकोनी, आवो, जर्मन रेड क्रॉस या संस्था परदेशातून आलेल्यांना फुकट सल्ला देतात. तिथे जा, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

सहीचंही बोलू. इथे बरीच वर्षं अशी स्थिती होती, की नवरा बेशुद्ध असला तरी बायकोला त्याच्या वतीने उपचारांचा निर्णय घ्यायचा आपोआप हक्क नव्हता. १ जानेवारी २०२३ पासून कायद्याने तो मिळाला, पण तोही सहा महिन्यांपुरताच. तेव्हा आता तो शुद्धीवर आहे, कळतंय, तर दोघांनी एकमेकांच्या नावाने फोरझॉर्गेफोलमाख्ट करून ठेवा. ते एक प्रकारचं मुखत्यारपत्र असतं. माझ्या ओळखीच्या एका घरात "असलं अशुभ कशाला" म्हणून ते राहून गेलं आणि पुढे न्यायालयात खेटे घालावे लागले. आणि बालवाडीत मुलीला न्यायला कोण येऊ शकतं त्या यादीत तुम्हा दोघांशिवाय आणखी एक नाव घाल. यादीत नाव नसलेल्या माणसाच्या ताब्यात ते मूल देत नाहीत, आणि बरोबरच करतात.

आई-बाबांना येऊ दे. तुला त्यांची गरज आहे आणि त्यांनाही जावयाला डोळ्यांनी बघायचं असेल. पण विमा तू घे, एजंटवर सोडू नकोस. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो आणि एजंट तेवढाच स्वस्तातला देतो. अतिदक्षता विभागात राहावं लागलं तर ती रक्कम पुरेलच असं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'आधीपासूनचे आजार' हे कलम वाच. बाबांचा मधुमेह आणि बीपी त्यात येतात, आणि पुष्कळ पॉलिसींत त्यांच्यामुळे उद्भवलेलं काहीच धरत नाहीत. आधीच्या आजाराने अचानक गंभीर वळण घेतलं तर खर्च देणारी पॉलिसी महाग पडते, तरी तीच घे. आणि बीपी लपवून फॉर्म भरायला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

बाबांच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, वर पंधरा दिवसांच्या, हातातल्या बॅगेत. सामानाच्या पेटीत नकोत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यायला सांग आणि तिच्यात गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपण इकोस्प्रिन म्हणतो, इथल्या डॉक्टरला ते कळणार नाही, इथे तिला ए-एस-एस म्हणतात. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन. ती यादी, विमा पॉलिसीचा नंबर आणि तुझा फोन एका कागदावर लिहून 'एस-ओ-एस डोझं'मध्ये घाल. ही प्लास्टिकची छोटी डबी इथे औषधांच्या दुकानात मिळते. ती फ्रिजच्या दारात ठेवायची आणि बरोबर मिळणारे स्टिकर फ्रिजवर आणि घराच्या दाराच्या आतून लावायचे. घर कोणतंही असो, फ्रिज सापडतोच, म्हणून ती जागा. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना ती डबी ठाऊक असते. एक तुझ्या नवऱ्याचीही करून ठेव.

त्याच्या बोलण्याबद्दल एक सुचवते. थेरपी जर्मनमध्ये चालली असेल, ती चालू दे, पण घरी मराठी बोलणं कमी करू नका आणि थेरपिस्टला सांगा की याची पहिली भाषा मराठी आहे. झटक्यानंतर नवीन वाक्य जुळवताना माणूस अडतो, पण लहानपणी घोकलेलं पुष्कळदा सलग येतं. मी एका गृहस्थांसाठी दुभाषी म्हणून जात असे. त्यांना "चहा" म्हणता येत नव्हतं, घामाघूम व्हायचे. एकदा नातीने त्यांच्यापाशी बसून "बे एके बे" सुरू केलं आणि त्यांनी तिच्या बरोबरीने बेचा पाढा वीसपर्यंत म्हटला. त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. तुझ्या मुलीला पाढे, शुभंकरोती, जे येत असेल ते त्याच्याबरोबर म्हणू दे. हा उपचार नव्हे, पण त्याला आपला आवाज सलग ऐकू येईल.

आणि तुझं दचकणं. भांडं वाजलं की तू अजून त्या रात्रीत जातेस. हे मनाचं दुखणं आहे आणि त्याला डॉक्टर आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना जाऊन, झोप लागत नाही, आवाजाने उठते, असं स्पष्ट सांग. नुसतं "थकवा आहे" म्हणू नकोस. गुटर्सलोची श्लागआनफाल-हिल्फ ही संस्था १९९३ पासून झटका आलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करते. तिच्याकडून जवळपासच्या गटांची माहिती मिळेल. तिथे तुझ्यासारख्या बायका भेटतील. नवऱ्याला घेऊन जा, पण एखाद्या वेळी एकटीही जा.

शेवटचं एक. पूर्ण पत्रात तू "खालच्या आजी" म्हटलंस, त्यांचं नाव कुठे आलं नाही. जिन्याच्या झाडलोटीची पाटी, तुमच्याकडची ती केअरवोखे, दर आठवड्याला एकेका दारावर फिरत असेल, तेवढीच तुमची ओळख असणार. बेलवर आपलं आडनाव बघायला जाशील तेव्हा त्यांचंही वाच, नीट म्हणता येतं का बघ, आणि चिठ्ठीवरच्या दुसऱ्या ओळीत ते लिही. मग वर जाऊन त्यांचा फोन नंबर माग. संक्रांतीच्या वड्या करशील त्यातल्या चार बशीत घालून ने. तिळाला इथे झेझाम म्हणतात.

— तुझी मावशी